तासाला तीस

रात्री दोन वाजता गुडघे टेकून
पलंगाच्या कडेला लटकणाऱ्या डबीवर बॅटरीचा झोत धरते.
देवापुढे बसतात तशी. फक्त हात जोडायचे नसतात,
आकडा वाचायचा असतो.
अकराला अठरा. बाराला अकरा. एकला नऊ.
आता सहा.

साठ किलोच्या माणसाला तासाला तीस तरी हवेत.
मिरजेला साळुंखे बाई टेबलावर पट्टी आपटायच्या,
"पोरींनो, पेशंट खोटं बोलेल, नातेवाईक तर बोलणारच,
मुताचं भांडं खोटं बोलत नाही."

रंग काकवीचा.

ग्रिम्सबी. खिडकीतून गोदीचे दिवे दिसतात,
त्यांच्या पलीकडे खाडी, भरतीची.
क्लिफर्ड स्टॅमर्स, वय ब्याऐंशी,
आइसलँडकडे ट्रॉलरवर गेलेली तीस वर्षं.
सगळा जन्म पाण्यावर काढला
आणि कोरडा पडला स्वतःच्या घरात,
नळापासून सात पावलांवर.

आधी नळीच पाहिली. कुठे दुमडली नाही ना,
त्याच्याच मांडीखाली दबली नाही ना.
मग ओटीपोटावर गार जेली, स्कॅनरचं बोट:
मूत्राशय रिकामं.
म्हणजे दार बंद नाही. विहिरीलाच पाणी नाही.

डॉक्टर बुसोला आल्या, जांभई गिळत.
तीन दिवसांचे जुलाब. गुडघ्यासाठी वेदनाशामक,
तेही दुकानातून आणलेलं, मूठभर.
वर रक्तदाबाची गोळी, नेमाने.
"बिचाऱ्या मूत्रपिंडांना चारी बाजूंनी घेरलं,"
असं त्या म्हणाल्या नाहीत. मी म्हणाले, मनात, मराठीत.
त्यांनी दोन्ही गोळ्यांवर रेघ मारली.
सलाईन, अडीचशे मिली, मग छाती ऐका, मग पुन्हा अडीचशे.
घाई नको. वाळलेल्या कुंडीत तांब्या उपडा केला
तर पाणी वरूनच वाहून जातं,
आणि इथे ते जाईल फुप्फुसात.

तीनला सात.

तो जागाच होता.
"मीच पीत नव्हतो," छताकडे बघत म्हणाला.
"प्यायलं की उठावं लागतं. उठलं की पडतो.
पडलो की मुलीला लिंकनहून यावं लागतं.
कुणाला त्रास नको."

हे वाक्य मला पाठ आहे.
आमच्या शाळेत संडास होता, दार नव्हतं.
सकाळच्या चहानंतर पाचपर्यंत
घोटभरही नाही. सातवी, आठवी, नववी, दहावी.
आम्ही मुली त्यात पटाईत होतो,
कवायतीत जीभ टाळूला चिकटायची
आणि मास्तर म्हणायचे, किती शिस्तीच्या पोरी.
आई अजून एस.टी.त बसायच्या आदल्या रात्रीपासून
पेला पालथा घालते.
विचारलं तर म्हणते, तहान कुठे लागलीय.

मी त्याला सांगितलं नाही हे काही.
चोच असलेला कप ओठांना लावला,
म्हटलं, त्रास देण्यासाठीच मला पगार मिळतो, मिस्टर स्टॅमर्स.
तो हसला, थोडं पाणी हनुवटीवरून गेलं.
ते पाणी मी हिशेबात धरलं नाही.

चारला अकरा.
पाचला एकोणीस, त्यात पाच मिनिटांची माझी उशिराची भर.

सहाला तेहतीस.
तक्त्यात रंगाला रकाना नाही,
असता तर लिहिलं असतं: उसाचा रस, आलं न घातलेला.
एवढ्यावर पेढे वाटायचे नसतात.
रक्ताचे आकडे अजून वाईट आहेत,
आज-उद्या किडनीवाले येतील, कदाचित मशीनचं बोलणं निघेल.
पण तेहतीस म्हणजे तेहतीस. दोनदा वाचला आकडा.

सातला काम सोपवून लॉकर उघडलं.
माझी बाटली काल संध्याकाळी भरली तशी,
गळ्यापर्यंत.
बारा तास. साळुंखे बाई, माझं भांडं कोण बघणार होतं?

उभ्या उभ्या सगळी प्यायले.
थोडा वेळ बाकावर बसून राहिले, बूट काढून.
मग उठून गेले.
दाराला कडी होती.
लावली.